निळ्या कडेचा पेला

बसा. दार ओढून घे रे हारुओमी, खोलीतली ऊब जाते. साकेसाठी पसरलेला भात पालटायला मध्यरात्र व्हायची आहे. तोवर तुम्ही डुलक्या काढाल आणि मग मला तुम्हाला लाथा घालून उठवावं लागेल. माझ्या पायांत आता तेवढाही जोर उरलेला नाही. त्यापेक्षा गोष्ट सांगतो.

मिनोरी, परवा तू हळूच याला विचारत होतीस ना, की मागच्या ओट्यावर, जिथे ट्रक लागतो तिथे, आजोबा अंधार पडल्यावर का जात नाहीत? रिकामे क्रेट आणायला आम्हालाच का पिटाळतात? तुला वाटलं, म्हातारा कामचुकार आहे. आहेच. पण ते कारण नाही.

माझ्यावर बेतलं असतं तर सांगितलंच नसतं. म्हाताऱ्याला भास होतात म्हणून तुम्ही मोकळे झाला असता. बेतलं ते यासुओकावर. तुम्ही नव्या वर्षात आलात, तो त्याआधीच सोडून गेला. आपला ट्रक कित्येक वर्षं तोच चालवायचा. डोंगरातल्या या दारूच्या भट्टीतून तांदळाची साके भरायची आणि खाली समुद्राकाठच्या छोट्या छोट्या इझाकाया गुत्त्यांना पोचवायची. साधा माणूस. खोटं बोलायला डोकं लागतं, ते त्याच्याकडे नव्हतं. जुगारात हरला तरी घरी जाऊन बायकोला खरं सांगायचा आणि शिव्या खायचा. म्हणून त्याने सांगितलं ते मी खरं मानतो.

गेल्या ऑक्टोबरातला शेवटचा गुरुवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. सुसाकीच्या पलीकडे कुपा मासा धरणाऱ्या होड्यांचं एक बंदर आहे. गावाचं नाव सांगत नाही, अजून माणसं राहतात तिथे. धक्क्याला लागूनच सातोए नावाच्या बाईचं इझाकाया होतं. बसायला एक लांब फळी, मागे चूल, वर राहायची खोली. आपली कोरडी, बिनगोडीची साके तिच्याइतकी कोणी खपवली नसेल. ते दुकान त्या रात्री शेवटचं उघडणार होतं. मालकांनी यासुओकाला सांगितलं, भेट म्हणून एक मोठी बाटली दे, आणि येताना रिकामे क्रेट आणि आपल्या नावाची लाकडी पाटी काढून आण. एवढंच काम.

आता मिनोरी, तू पूर्वेकडची. तुमच्याकडे ज्याचा पेला त्याचा. आमच्या या तोसा मुलखात तसं नाही. मी माझा पेला संपवतो, तोच तुझ्या हातात देतो आणि भरतो. तू तो पिऊन टाकायचास आणि भरून मला परत द्यायचास. उष्टं-बिष्टं कोणी मानत नाही. भरलेला पेला पुढे आला की नाही म्हणायचं नाही, खाली ठेवायचा नाही. आणि ज्याने दिला त्यालाच परत करायचा. परत केला नाहीस तर तुझ्यावर माझं देणं राहिलं. हसतेस काय? याच देण्यापायी इथे सोयरिकी जुळल्यात आणि डोकी फुटलीत. पिढ्यान्‌पिढ्या हेच केल्यामुळे आमचे हात आपोआप चालतात. डोक्याला विचारतच नाहीत.

सातोएचा नवरा तोकुजी कुप्याच्या होडीवर होता. नऊ वर्षांपूर्वी निघायच्या आदल्या रात्री तिने भरल्या दुकानात आपला पेला त्याला दिला. पांढरा, निळ्या कडेचा, कडेला एक टवका उडालेला. तो प्यायला, आणि परत करायच्या ऐवजी पेला सदऱ्यात टाकून हसत म्हणाला, "हा आता माझ्यावर उधार. परत आलो की फेडतो." लोक ओरडले, बायको म्हणाली, "पेला आणल्याशिवाय घरात घेणार नाही." थट्टाच होती ती.

होडी परत आली नाही. कोणीच आलं नाही.

तेव्हापासून ती बाई प्यायली नाही. गिऱ्हाईक पेला पुढे करी, ती हात जोडी. "माझा एक बाहेर आहे, तो आल्यावर." आणि दुकान एक रात्र बंद ठेवलं नाही. ताप असो, वादळ असो, दिवा लागलाच पाहिजे. नाहीतर तो पेला घेऊन येणार कुठे? फळीच्या टोकाच्या स्टुलावर ती कोणाला बसू द्यायची नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं.

यासुओका अंधार पडता पडता पोचला. शिडी काढतोय तोच ती आतून कडाडली.

"आल्या आल्या पाटीला हात? मेल्याच्या टाळूवरचं लोणी सकाळी ने की रे! आधी बस."

"ताई, गाडी आहे बरोबर. प्यायलो तर घरी कसा जाऊ?"

"जातोस कशाला? वर गादी आहे. शेवटच्या दिवशी माणूस कोरडा गेला तर मला पाप लागेल."

मग बसला. पेंढ्याच्या जाळावर भाजलेला कुपा, जाड काप, वर मीठ आणि लसणाच्या चकत्या. शरदातला कुपा, अंगात तेल भरलेला. वामेचे तळलेले तुकडे. शेवाळाची भजी. आणि आपली साके, गरम केलेली. यासुओका सांगायचा, इतकं चांगलं जेवलो आणि घशाखाली नीट उतरलं नाही. जमलेले सगळेच दमल्यासारखे होते. कोणी गाणं म्हटलं, ते अर्ध्यावर सोडलं. म्हातारा हिरोसे चिडवत होता, "सातोए, ओसाकात कोणाच्या अंगावर खेकसशील?" ती म्हणाली, "तुला फोन करून खेकसेन." मग तोच नाक ओढत बसला. एकेक जण उठला. जाताना ज्याने त्याने फळीवरून हात फिरवला.

शेवटी दोघंच उरली. ती खुर्ची ओढून बसली आणि गुडघे चोळायला लागली.

"ताई," यासुओका म्हणाला, "मग त्या पेल्याचं काय?"

ती गुडघे चोळतच राहिली. मग म्हणाली, "गुडघे म्हणतात, पुरे. मुलगा ओसाकाला अकराव्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे म्हणतो. मी दमले रे. रोज दिवा लावायचा, रोज विझवायचा. सुटले म्हणून बरं वाटायला हवं. पण त्याला न सांगता दुकान बंद करतेय, हे मनाला लागतंय."

मग भिंतीला धरून उठली आणि त्याची गादी घालायला वर गेली. तिच्या पायांनी जिना म्हणजे एक प्रवासच. एकेक पायरी चढताना ऐकू येत होतं.

यासुओका एकटा बसला होता. पुढ्यात गरम साकेची सुरई. बाहेर वारा पडलेला.

दार सरकलं.

आवाज झाला नाही. गार हवा आली, म्हणून त्याने मान वळवली. एक माणूस आत आला होता. अंगात मासेमारांचा रबरी कोट. पाणी गळत होतं.

पाऊस नव्हता.

यासुओकाला वाटलं, धक्क्यावरचा कोणी असेल, घसरला असेल. म्हणाला, "या, या. ताई वर आहेत. आज शेवटचा दिवस आहे."

माणूस बोलला नाही. टोकाच्या स्टुलावर जाऊन बसला.

"अहो, तिथे... तिथे नका..."

त्या माणसाचा चेहरा भीतिदायक नव्हता, यासुओका शपथेवर सांगायचा. दमलेला होता. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दारातच बसावंसं वाटतं ना, तसा. कुठून तरी फार लांबून चालत आलेला.

त्याने सदऱ्यात हात घातला. पेला काढला. दोन्ही हातांत धरला, आणि वर जिन्याकडे बघितलं.

वर पायरी वाजली. ती अजून चढतच होती.

तो वाट बघत राहिला. मग त्याने यासुओकाच्या सुरईकडे बोट केलं. यासुओकाने ती सरकवली. माणसाने पेला भरला. काठोकाठ. आणि पुढे धरला.

आता नीट ऐका. तो कदाचित म्हणत असेल, हा तिला नेऊन दे. माझ्याने हा जिना चढवणार नाही. कदाचित. बोलला काही नाही. पण तोसातल्या माणसासमोर भरलेला पेला धरला... तर तो काय करणार?

यासुओकाने घेतला. प्यायला.

साके त्याच सुरईतली. गरम होती. पेल्यात ती गार लागली. आणि खारट.

आणि मग हात चालला. नुसता हात. त्याने पेला भरला, आणि त्या माणसासमोर धरला. परत.

माणूस पेल्याकडे बघत राहिला. मान हलवली... नको. डोळ्यांतलं पाणी त्याचं होतं की समुद्राचं, कोण जाणे. पण तोही तोसातलाच. जिवंतपणी कधी पेला नाकारला नव्हता. त्याचाही हात पुढे आला. घेतला. प्यायला. रिकामा पेला छातीशी धरला. उठला.

दार सरकलं. गेला.

सातोए खाली आली तेव्हा यासुओका हात पुढे धरून तसाच बसला होता.

"कोण आलं होतं रे? गार लागलं."

"कोणी तरी... होडीवरचा. पेला दिला मला. मी प्यायलो आणि परत दिला."

"कसला पेला?"

"पांढरा. निळी कड. एक टवका..."

तिने टोकाच्या स्टुलाकडे बघितलं. खाली पाणी साचलं होतं.

ती ओरडली नाही. रडली नाही. यासुओका म्हणायचा, तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "दमला होता का?"

"हो."

"फार?"

"...फार, ताई."

मग ती अनवाणी धक्क्यावर गेली. यासुओका बॅटरी घेऊन मागे. काळोख असा की पाणी कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. ती टोकाला उभी राहिली आणि, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला सांगावं, इतक्याच आवाजात म्हणाली, "अहो... राहू दे तो पेला. मी दुकान बंद केलंय. माझं काही देणं नाही तुमच्यावर. कुठे तरी ठेवा आणि झोपा. मीही झोपते."

परत येऊन तिने दिवा मालवला आणि चुलीमागच्या लहान खोलीत अंग टाकलं. लगेच घोरायला लागली. नऊ वर्षांची झोप होती ती. तिच्यापुरतं देणं तिने सोडून दिलं होतं.

पण हारुओमी, तू इथलाच. सांग बघू. तो पेला शेवटी भरून कोणी दिला होता?

...हं. यासुओकाने. म्हणजे तो आता कोणाला परत करायचा?

यासुओकाच्याही ते वर गादीवर पडल्यावर ध्यानात आलं. तेवढ्यात खाली दार सरकलं. घोरणं चालूच. पावलं तिच्या खोलीपाशी थांबली. बराच वेळ. मग जिन्यावर आली. एक पायरी. थांबणं. दुसरी. दमलेल्या माणसाची पावलं. कागदी दारापाशी येऊन उभी राहिली. खाऱ्या पाण्याचा वास. डिझेलचा. आणि गरम साकेचा.

काही बोलणं नाही. दारावर थाप नाही. नुसता उभा.

मी यासुओकाला म्हटलं, अरे, उघडायचं होतंस! पेला घ्यायचा, प्यायचा, फिटलं! तो म्हणाला, "मलाही कळत होतं. त्याची भीती नव्हती वाटत. मला माझ्या हाताची वाटत होती. प्यायल्यावर हा थांबला नसता. मी पुन्हा भरून दिला असता. त्याने पुन्हा आणला असता. त्याला किती चालवू मी?"

पहाटेपर्यंत उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता तो. उजाडल्यावर दार उघडलं. चटईवर दोन पावलं भिजलेली. बोटं त्याच्याकडे.

पाटी आणि क्रेट घेऊन तो आला. सातोए त्याच आठवड्यात ओसाकाला गेली. यासुओकाने थोडे दिवस ट्रक चालवला, पण समुद्र दिसला की घामाघूम व्हायचा. शेवटी सोडली नोकरी. वर डोंगरात, सासुरवाडीला युझूची बाग आहे, तिथे जाऊन राहिला. पिणं बंद. जाताना मला एवढं सांगून गेला, आणि मला वाटलं, संपलं.

तुम्ही आलात त्यानंतर, गेल्या महिन्यात, अमावास्येची रात्र. तुम्ही दोघं पोटभर जेवून घोरत होता. मी क्रेट आणायला मागच्या ओट्यावर गेलो. थंडी अशी की बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. यासुओकाचा ट्रक जिथे लागायचा, बरोबर तिथे, ओट्याच्या कडेला...

पेला.

निळी कड. टवका. काठोकाठ भरलेला.

आणि वाफ येत होती.

आसपास कोणी नाही. मी हात लावला नाही. यासुओकाच्या कोटावर आपल्या भट्टीचं नाव होतं, ते वाचून आला असेल बिचारा. एवढा डोंगर चढून. आणि भरलेला पेला खाली ठेवला होता. तोसातला माणूस पेला खाली ठेवतो म्हणजे हातात धरायचंही त्राण उरलं नसणार. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला रडू आलं.

यासुओकाला फोन केला. तासाभरात मेहुण्याच्या गाडीतून आला, झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून. मेहुण्याला गाडीतच बसवलं. मला म्हणाला, "आजोबा, एक सुरई आणा. समोर ठेवा. नाहीतर मी मनाने थांबलो की भरायला साकेच नव्हती, हे त्याला कळायचं नाही. आणि माझा हात धरा. काही झालं तरी सोडू नका."

पेला अजून वाफाळत होता. त्याने दोन्ही हातांनी उचलला. अंधाराकडे बघून मान लववली. प्यायला.

आणि हात चालला. मी बघत होतो, डोळे गच्च मिटलेले, गालावरून पाणी, आणि हात आपला सुरईकडे... मी झडप घातली. दोन्ही हातांनी मनगट धरायला गेलो.

मनगटावर आधीच एक हात होता.

गार. ओला.

त्याने धरून ठेवलं होतं.

मी त्या हातावर माझे हात ठेवले. काय करणार? सोडू नका म्हणाला होता. आम्ही तसेच उभे... किती वेळ, माहीत नाही. हळूहळू यासुओकाची बोटं सैल पडली. त्याने पेला ओट्यावर उपडा ठेवला. आमच्याकडे उपडा पेला म्हणजे पुरे.

माझ्या हाताखाली यासुओकाचं मनगट तेवढं उरलं होतं. ओलं.

तो घरी गेला. पेला मी तिथेच राहू दिला, सकाळी बघू म्हटलं. सकाळी ओट्यावर पेला नव्हता. वाटलं, मांजराने पाडला असेल. खाली शोधला. तुम्हा दोघांनाही शोधायला लावला होता, आठवतं? पांढरं भांडं सापडतंय का बघा म्हणून?

दुपारी भट्टीत फोन वाजला. मीच उचलला. ओसाकाहून सातोए होती. तिला यातलं काही, अगदी काही, कोणी कळवलेलं नव्हतं.

म्हणाली, "कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले होते. अकरावा मजला. दार आतून बंद होतं. कठड्यावर पेला आहे. माझा."

मी विचारलं, "ओला आहे का हो?"

"नाही. धुऊन, पुसून, उपडा ठेवलाय." मग थोडा वेळ तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. "जन्मात एक भांडं विसळलं नाही हो त्या माणसाने."

मग म्हणाली, "तुमची ती कोरडी साके आहे ना... एक बाटली पाठवाल? मला आज थोडी प्यायची आहे."